तीन मिनिटांचा भडका

२८ जुलै २००६ची रात्र. नामिबियातल्या खोमास पठारावर ‘हेस’ या प्रकल्पाच्या चार दुर्बिणी दक्षिण मत्स्य तारकासमूहातल्या एका ठिपक्यावर रोखलेल्या होत्या. पीकेएस २१५५-३०४ असे रुक्ष नाव असलेली ही दीर्घिका सुमारे दीड अब्ज प्रकाशवर्षे दूर आहे. तिच्याकडून गॅमा किरण येतात हे आधीपासून माहीत होते, पण एरवी ते तुरळकच. त्या रात्री मात्र सव्वा तासाहून थोड्या जास्त वेळात ११ हजारांहून अधिक गॅमा फोटॉन नोंदले गेले. गॅमा खगोलशास्त्रात तेजाचे माप म्हणून क्रॅब तेजोमेघ वापरतात. कुठे साडेसहा हजार प्रकाशवर्षांवरचा तो तेजोमेघ आणि कुठे ही दीर्घिका, पण सरासरी तेजात तिने त्याला सात पटींनी मागे टाकले.

खरा धक्का बसला तो मिनिटामिनिटाचे तेज आलेखावर मांडल्यावर. भडका एकच नव्हता, एकामागून एक असे अनेक होते, आणि सर्वांत वेगवान भडक्यात तेज दुप्पट व्हायला जेमतेम तीन मिनिटे लागली होती.

यात चक्रावण्यासारखे काय? या दीर्घिकेच्या केंद्रात सुमारे एक अब्ज सूर्यांच्या वस्तुमानाचे कृष्णविवर असावे असा अंदाज आहे. सूर्याएवढ्या वस्तुमानाच्या कृष्णविवराची त्रिज्या ३ किलोमीटर भरते. वस्तुमानाच्या प्रमाणात त्रिज्या वाढते, म्हणून अब्ज सूर्यांच्या कृष्णविवराची त्रिज्या ३ अब्ज किलोमीटर. युरेनस सूर्यापासून साधारण तेवढाच दूर आहे. एवढे अंतर कापायला प्रकाशालाही पावणेतीन तास लागतात.

मालगाडी सुटते तेव्हा इंजिनाचा हिसका डब्यामागून डबा असा मागे सरकतो आणि गार्डच्या डब्याला तो बसेपर्यंत वेळ जातोच. अवकाशातल्या वस्तूंनाही हा नियम चुकत नाही. एका टोकाला घडलेल्या गोष्टीची खबर दुसऱ्या टोकाला प्रकाशाहून लवकर पोचत नाही. त्यामुळे एखादी वस्तू तीन मिनिटांत दुप्पट उजळत असेल, तर तिचा विस्तार तीन प्रकाशमिनिटांच्या फार पुढे जाऊ शकत नाही. इतक्या दूरच्या दीर्घिकेच्या पोटातला तपशील टिपू शकणारी गॅमा दुर्बीण अजून बनलेली नाही. दिसतो तो ठिपकाच. पण तो किती झपाट्याने उजळतो आणि मावळतो यावरून त्याचे आकारमान काढता येते. या शास्त्रात फूटपट्टीचे काम घड्याळ करते, आणि त्या रात्री घड्याळाने दिलेले माप कृष्णविवराच्या मापात बसत नव्हते.

उष्णतेच्या आवाक्याबाहेर

आधी गॅमा किरण म्हणजे केवढी ऊर्जा ते पाहू. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाच्या एका फोटॉनची ऊर्जा दोन-तीन इलेक्ट्रॉनव्होल्ट असते. क्ष-किरणांची हजारांत जाते. ‘हेस’सारख्या दुर्बिणी ज्यांचा माग काढतात त्या गॅमा फोटॉनची ऊर्जा एक लाख कोटी इलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे एक टीईव्हीच्या घरात असते. प्रकाश तोच, पण एकेका फोटॉनची ताकद लाख कोटींच्या पटीत.

तारे तापलेले असतात म्हणून प्रकाशतात. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे साडेपाच हजार अंश सेल्सियस, म्हणून तो दृश्य प्रकाश देतो. महाकाय कृष्णविवराभोवती फिरणारी वायूची तबकडी त्याहून खूप तप्त असते, तिचा बराचसा प्रकाश अतिनील असतो. याच मार्गाने टीईव्ही किरण मिळवायचे तर तापमान एकावर सोळा शून्ये इतके अंश लागेल. इतक्या तापमानाची तबकडी विश्वात कुठेही टिकणार नाही. म्हणजे हे किरण ‘गरम’ वस्तूतून येत नाहीत. काही थोड्या कणांना निवडून, सगळ्यांच्या वाट्याची ऊर्जा त्यांनाच देणारी एखादी यंत्रणा तिथे असली पाहिजे. पृथ्वीवर हे काम कणत्वरक करतात. जिनिव्हाजवळच्या सर्नमधला सर्वांत मोठा त्वरक प्रोटॉनला सुमारे ७ टीईव्हीपर्यंत नेतो. सक्रिय दीर्घिकांमध्ये निसर्गाने असेच त्वरक उभारले आहेत, आणि त्यांच्यापुढे आपला त्वरक तोकडा पडतो.

इंजिन आणि झोत

बहुतेक मोठ्या दीर्घिकांच्या केंद्रात महाकाय कृष्णविवर असते. आपल्या आकाशगंगेतले सुमारे ४० लाख सूर्यांच्या वस्तुमानाचे आहे, पण सध्या त्याच्या वाट्याला फारसे खाद्य येत नाही, म्हणून ते शांत आहे. जिथे भरपूर वायू केंद्राकडे ओढला जातो तिथे तो थेट आत न पडता गरगरत तबकडी धरतो, घर्षणाने तापतो आणि प्रकाशू लागतो. हायड्रोजनचे हेलियम होताना वस्तुमानाच्या फक्त ०.७ टक्के भागाची ऊर्जा होते. कृष्णविवराकडे घसरणाऱ्या वायूच्या बाबतीत हे प्रमाण ६ टक्क्यांपासून, वेगाने स्वतःभोवती फिरणाऱ्या कृष्णविवरापाशी, ४२ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. ताऱ्यांनी भरलेल्या अख्ख्या दीर्घिकेला तिचा इवलासा गाभा झाकोळून टाकतो तो या हिशेबामुळे. अशा दीर्घिकांना सक्रिय दीर्घिका म्हणतात.

यांतल्या थोड्या दीर्घिकांमध्ये आणखी एक गोष्ट घडते. तबकडीला काटकोनात, दोन्ही बाजूंना, पदार्थाचे आणि चुंबकीय क्षेत्राचे अरुंद झोत फेकले जातात. १९१८मध्ये लिक वेधशाळेच्या हेबर कर्टिस यांनी एम८७ या दीर्घिकेच्या गाभ्यातून निघालेली एक विचित्र सरळ रेघ नोंदवून ठेवली होती. ती रेघ म्हणजे असा झोत होता, हे कळायला पुढे अनेक दशके जावी लागली. शंभर वर्षांनी, एप्रिल २०१९मध्ये, कृष्णविवराच्या सावलीचे जे पहिले चित्र जगाने पाहिले ते याच एम८७च्या केंद्राचे, साडेसहा अब्ज सूर्यांच्या वस्तुमानाचे.

झोताला ताकद कुठून मिळते? १९७७मध्ये रॉजर ब्लँडफोर्ड आणि रोमन झ्नायेक यांनी मांडलेले उत्तर आजही सर्वांत जास्त मानले जाते. कृष्णविवर फिरताना आजूबाजूचे अवकाशही आपल्याबरोबर ओढत नेते. तिथून जाणाऱ्या चुंबकीय रेषा त्यामुळे पिळल्या जातात, आणि या पिळातून कृष्णविवराच्या फिरण्यातली ऊर्जा बाहेर ढकलली जाते. कृष्णविवराच्या आतून काहीही सुटत नाही हा नियम इथे मोडत नाही. गॅमा किरणही आतून येत नाहीत. ते येतात या झोतातून.

कचऱ्याच्या डब्यातली दुर्बीण

गॅमा किरण जमिनीपर्यंत पोचत नाहीत, वातावरण त्यांना वरच अडवते. म्हणून पहिली पावले उपग्रहांनी टाकली. ३सी २७३ या क्वेसारकडून, म्हणजे अतितेजस्वी सक्रिय दीर्घिकेकडून, गॅमा किरण येतात हे युरोपच्या कॉस-बी उपग्रहाने दाखवले ते १९७८मध्ये. आपल्या आकाशगंगेबाहेरचा तो पहिला ओळखू आलेला गॅमा स्रोत. १९९१मध्ये नासाची कॉम्प्टन वेधशाळा त्याच भागाकडे, कन्या राशीत पाहत असताना शेजारचे ३सी २७९ भलतेच तेजाने चमकताना सापडले, तेही पाच अब्ज प्रकाशवर्षांवरून. गॅमा आकाशात अशा दीर्घिका हा अपवाद नाही हे तिथून पुढे स्पष्ट होत गेले. जून २००८मध्ये सोडलेली फर्मी दुर्बीण दर तीन तासांनी सगळे आकाश पाहून होते. तिच्या यादीत पाच हजारांहून जास्त स्रोत आहेत, आणि त्यांतले निम्म्याहून अधिक अशाच दीर्घिकांचे गाभे आहेत.

पण ऊर्जा वाढत जाते तसे किरण विरळ होतात. क्रॅब तेजोमेघाकडून येणारे एक टीईव्हीच्या वरचे फोटॉन एका चौरस मीटरवर वर्षभरात सहा-सात पडतात. उपग्रहावरचा शोधक साधारण चौरस मीटरभराचा. त्याने तीन मिनिटांचा भडका मोजायचा तरी कसा?

इथे अडसर ठरलेले वातावरणच उपयोगी पडले. टीईव्ही फोटॉन हवेत शिरला की त्यातून इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉनची जोडी जन्मते. त्यांच्यातून पुन्हा फोटॉन, त्यांतून पुन्हा जोड्या, असे करत हजारो कणांचा वर्षाव होतो. हे कण हवेतल्या प्रकाशाहूनही वेगाने धावतात. निर्वातातला प्रकाशाचा वेग कोणी ओलांडत नाही, पण हवेत प्रकाश किंचित मंदावतो आणि कण त्याच्या पुढे जातात. अशा वेळी निळसर प्रकाशाची एक झलक उमटते. तिला चेरेनकोव्ह प्रकाश म्हणतात. ती टिकते सेकंदाचे काही अब्जांश भाग, आणि जमिनीवर सुमारे अडीचशे मीटर रुंदीच्या वर्तुळात पसरते. त्या वर्तुळात कुठेही दुर्बीण असली तरी तो एक फोटॉन नोंदला जातो. चौरस मीटरभराच्या शोधकाचे हजारो चौरस मीटर झाले, तेही हवेच्या जिवावर.

असा प्रकाश आकाशातून येतो हे पहिल्यांदा दाखवले गेले ते इंग्लंडमधल्या हारवेलला. विल्यम गॅलब्रेथ आणि जॉन जेली यांनी आतून काळा रंगवलेला कचऱ्याचा डबा घेतला, तळाशी सर्चलाइटचा २५ सेंटिमीटरचा आरसा ठेवला, वर क्षीण प्रकाशही टिपणारी एक फोटोमल्टिप्लायर नळी बसवली आणि डबा रात्रीच्या आकाशाखाली उघडा ठेवला. १९५३मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पण त्यांना दिसलेल्या झलका विश्वकिरणांच्या, म्हणजे मुख्यतः प्रोटॉनच्या होत्या. अडचण तीच होती. एका गॅमा फोटॉनमागे हजारो विश्वकिरण येतात आणि त्यांचे वर्षावही तसेच चमकतात. यातून गॅमा वेचायचे कसे, या प्रश्नाने पुढची तीस-पस्तीस वर्षे खाल्ली.

लीड्सच्या मायकेल हिलास यांनी १९८५मध्ये दाखवून दिले की, झलकेचे चित्र घेतले तर फरक कळतो. गॅमा फोटॉनच्या वर्षावाचा ठसा नेटका, लांबट आणि स्रोताकडे रोखलेला असतो. प्रोटॉनचा फिसकटलेला असतो आणि त्याला ठरावीक दिशा नसते. ॲरिझोनातल्या व्हिपल वेधशाळेच्या दहा मीटर दुर्बिणीला असा कॅमेरा लावून ट्रेव्हर वीक्स आणि सहकाऱ्यांनी १९८९मध्ये क्रॅब तेजोमेघ पकडला. पाठोपाठ १९९२मध्ये सप्तर्षी तारकासमूहातली मार्केरियन ४२१ ही सुमारे चाळीस कोटी प्रकाशवर्षांवरची दीर्घिका सापडली. आकाशगंगेबाहेरून आलेला तो पहिला टीईव्ही प्रकाश. या दीर्घिकेने १९९६मध्ये तासाभरात तेज दुप्पट करून दाखवले, तेव्हाच सैद्धांतिक अभ्यासकांच्या भुवया उंचावल्या होत्या. दहा वर्षांनी पीकेएस २१५५-३०४ने तो तास तीन मिनिटांवर आणला.

दिवसाची होतात सात मिनिटे

घड्याळाने दिलेल्या मापाचा अर्थ लावायला सापेक्षतेचा आधार घ्यावा लागतो. गॅमा आकाशात ठळक दिसणाऱ्या बहुतेक सक्रिय दीर्घिका एका खास जातीच्या आहेत. त्यांचा झोत जवळजवळ थेट आपल्या दिशेने रोखलेला आहे. त्यांना ब्लेझार म्हणतात. तोच झोत बाजूने दिसला की त्याच दीर्घिकेला आपण रेडिओ दीर्घिका म्हणतो. एम८७ त्यांतली.

समजा, झोतातली एक गाठ प्रकाशाच्या ९९.५ टक्के वेगाने आपल्याकडे येते आहे. तिने एक झलक सोडली आणि बरोबर एका दिवसाने दुसरी. मधल्या दिवसात पहिली झलक एक प्रकाशदिवस पुढे गेली, पण गाठही तिच्या मागोमाग ०.९९५ प्रकाशदिवस आली. म्हणजे दुसरी झलक पहिलीच्या मागे राहिली ती केवळ ०.००५ प्रकाशदिवस. आपल्यापर्यंत पोचताना दोघींत अंतर उरते सात मिनिटांचे. दुसरीकडे, वेगाने जाणाऱ्या वस्तूचे घड्याळ मंद चालते. या वेगाला ते दहा पटींनी मंद होते, त्यामुळे आपला तो एक दिवस गाठीच्या घड्याळात जेमतेम अडीच तासांचा असतो. गाठीपाशी अडीच तासांत घडलेली गोष्ट आपल्याला सात मिनिटांत दिसते. सगळे वीस पटींनी आवळले जाते.

तेजावर याचा परिणाम आणखी मोठा होतो. प्रत्येक फोटॉनची ऊर्जा वाढते, ते जास्त घाईने येतात आणि एका अरुंद शंकूत एकवटतात. सगळे गुणाकार केले तर वीसचा चौथा घात, म्हणजे दीड लाखाहून जास्त पट तेज वाढू शकते. अब्जावधी प्रकाशवर्षांवरचे ब्लेझार आपल्याला दिसतात आणि शेजारच्या कित्येक रेडिओ दीर्घिका गॅमा किरणांत जेमतेम लुकलुकतात, ते यामुळेच. हे झोत खरोखर इतके वेगवान असतात याचा पुरावा रेडिओ खगोलशास्त्राने आधीच दिला होता. मार्टिन रीस यांनी १९६६मध्ये असे भाकीत केले होते की, आपल्या दिशेने येणाऱ्या गाठी प्रकाशाहून वेगाने सरकल्यासारख्या दिसतील. १९७१मध्ये ३सी २७३ आणि ३सी २७९मध्ये हे सरकणे प्रत्यक्ष मोजले गेले.

झोत वेगवान असलाच पाहिजे, याला गॅमा किरणांचीच साक्ष आहे. पुरेशा ऊर्जेचा गॅमा फोटॉन आणि साधा फोटॉन आदळले की दोन्ही नाहीसे होऊन इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन जोडी बनते. दिसणारे सगळे तेज एका लहानशा, स्थिर जागेत कोंडलेले असते, तर तिथल्या गर्दीत गॅमा फोटॉन जन्मताच संपले असते. ते आपल्यापर्यंत येतात याचाच अर्थ त्यांची जन्मजागा आपल्याकडे झेपावते आहे.

एवढे करूनही २००६च्या रात्रीचा हिशेब जुळत नाही. तीन मिनिटांना वीसने गुणले की एक तास होतो. म्हणजे भडकणारी गाठ एका प्रकाशतासाहून मोठी नाही, आणि कृष्णविवराची त्रिज्या तर पावणेतीन प्रकाशतास! दोन्ही मापे जुळवायला आवळण्याचे प्रमाण पन्नासच्या वर न्यावे लागते. पण याच जातीच्या दीर्घिकांच्या झोतातल्या गाठी रेडिओ दुर्बिणींना फारशा वेगवान दिसत नाहीत. त्यामुळे अनेकांनी निराळा मार्ग धरला. अख्खा झोत भडकत नाही, झोताच्या आत चुंबकीय रेषा तुटून नव्याने जोडल्या जातात आणि तिथून छोटे, अधिक वेगवान उपझोत फुटतात, असे ते मानतात. एखादा उपझोत नेमका आपल्याकडे वळला की भडका दिसतो.

२०१२च्या नोव्हेंबरात कॅनरी बेटांतल्या ला पाल्मावरच्या ‘मॅजिक’ दुर्बिणींनी हे कोडे आणखी अवघड केले. ययाति तारकासमूहातल्या आयसी ३१० या दीर्घिकेत त्यांना पाच मिनिटांहून कमी वेळात तेज पालटताना दिसले. तिथल्या कृष्णविवराचे घटनाक्षितिज, म्हणजे त्याची सीमा, ओलांडायला प्रकाशाला वीसेक मिनिटे लागतात, आणि तिचा झोत आपल्या दिशेने पुरता रोखलेलाही नाही. तेव्हा काही अभ्यासकांनी झोत सोडून थेट कृष्णविवराच्या उंबऱ्यापाशी बोट दाखवले. तिथल्या चुंबकीय आवरणात जिथे कण विरळ होतात तिथे प्रचंड विद्युतदाब तयार होऊन कणांना क्षणात वेग मिळत असावा, असे त्यांचे म्हणणे आहे.

इलेक्ट्रॉन की प्रोटॉन?

जागा कोणतीही असो, गॅमा किरण बनवणारे कण कोणते हा वाद वेगळाच आहे. ब्लेझारचा रेडिओपासून गॅमापर्यंतचा वर्णपट काढला तर दोन उंचवटे दिसतात. पहिल्याबद्दल दुमत नाही. इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात वळताना जो प्रकाश देतात, त्याचा तो आहे. दुसरा उंचवटा गॅमा किरणांचा. साधे स्पष्टीकरण असे की, तेच इलेक्ट्रॉन आपणच सोडलेल्या फोटॉनना धडकून त्यांची ऊर्जा वाढवतात. मार्केरियन ४२१मध्ये क्ष-किरणांचा आणि टीईव्ही किरणांचा भडका अनेकदा जोडीने येतो, ते याला पूरक आहे. इलेक्ट्रॉनना वेग कुठे मिळतो याचाही धागा हाती लागला आहे. मार्च २०२२मध्ये ‘इक्स्पी’ उपग्रहाने मार्केरियन ५०१ या ब्लेझारच्या क्ष-किरणांचे ध्रुवण, म्हणजे त्यांची कंपने कितपत एकाच दिशेत आहेत ते, मोजले. ते सुमारे १० टक्के, म्हणजे दृश्य प्रकाशाच्या दुपटीच्या आसपास निघाले. झोतात एखादी आघातलाट असेल आणि कण तिच्यावर वेग घेऊन पुढे थंडावत जात असतील, तर असेच दिसायला हवे.

पण झोतात प्रोटॉनही असतील तर? वेगवान प्रोटॉन फोटॉनवर आदळले की पायॉन हे अल्पायुषी कण तयार होतात. त्यांच्यातून गॅमा किरण मिळतात आणि जोडीला न्यूट्रिनो. इलेक्ट्रॉनच्या मार्गात न्यूट्रिनो निघत नाहीत. म्हणून न्यूट्रिनो सापडला तर प्रोटॉनची खूण पटली.

२२ सप्टेंबर २०१७ रोजी दक्षिण ध्रुवाखालच्या बर्फात पेरलेल्या आइसक्यूब शोधकात सुमारे २९० टीईव्ही ऊर्जेच्या न्यूट्रिनोची खूण उमटली. मिनिटाच्या आत जगभरच्या वेधशाळांना संदेश गेला. तो न्यूट्रिनो आला त्या दिशेला, मृग नक्षत्रात, टीएक्सएस ०५०६+०५६ हा सुमारे चार अब्ज प्रकाशवर्षांवरचा ब्लेझार होता आणि फर्मीच्या नोंदींनुसार तो तेव्हा भडकलेला होता. ‘मॅजिक’नेही त्याच्याकडून गॅमा किरण पकडले. जुन्या नोंदी उपसल्यावर २०१४-१५मध्येही त्याच दिशेने न्यूट्रिनोंचा लोंढा आलेला आढळला. पण त्या काळात ब्लेझार गॅमा किरणांत निवांत होता! पुढे २०२२मध्ये आइसक्यूबने एनजीसी १०६८ या जवळच्या सक्रिय दीर्घिकेकडून आलेल्या ७९ न्यूट्रिनोंचा पुरावा दिला, आणि तिच्याकडून टीईव्ही किरण आलेले आढळतच नाहीत. कदाचित तिथे गॅमा किरण बनतात, पण कृष्णविवराजवळच्या दाट प्रकाशात वर सांगितल्याप्रमाणे नष्ट होतात, आणि सहसा कशालाही न अडणारे न्यूट्रिनो तेवढे निसटतात. म्हणजे गॅमा किरण दिसणे ही जशी साक्ष, तसे न दिसणेही साक्षच.

वाटेतली गळती

गॅमा फोटॉनची ही गळती दीर्घिकेबाहेर पडल्यावरही थांबत नाही. दीर्घिकांमधली पोकळी पूर्ण अंधारी नसते. आजवरच्या सगळ्या ताऱ्यांनी सोडलेला दृश्य आणि अवरक्त प्रकाश तिथे विरळ धुक्यासारखा भरून आहे. टीईव्ही फोटॉन त्याला धडकून वाटेत संपत राहतात. म्हणूनच अशा ऊर्जेला मार्केरियन ४२१ आणि ५०१सारख्या तुलनेने जवळच्या दीर्घिका ठळक दिसतात, लांबच्या पुसट होत जातात.

या तोट्यातूनही अभ्यासकांनी फायदा काढला. वेगवेगळ्या अंतरांवरच्या ब्लेझारचे किती फोटॉन गळाले यावरून वाटेतला प्रकाश मोजता येतो. मार्को अजेलो आणि सहकाऱ्यांनी २०१८मध्ये फर्मीने नोंदलेल्या ७३९ ब्लेझारवरून असा हिशेब मांडला. विश्वातल्या ताऱ्यांनी आजवर सोडलेल्या फोटॉनची संख्या चारवर ८४ शून्ये इतकी आली. ताऱ्यांची मोजदाद न करता त्यांच्या प्रकाशाची बेरीज हाती आली.

उटी ते हानले

या शास्त्रात भारत उशिरा आलेला नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या गटाने १९६९च्या सुमारास उटीला सर्चलाइटचे आरसे लावून चेरेनकोव्ह झलका शोधायला सुरुवात केली होती. पुढे काम पंचमढीला गेले. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने माउंट अबूला गुरुशिखरावर ‘टॅक्टिक’ दुर्बीण उभारली, आणि मार्केरियन ५०१ १९९७मध्ये गाजली तेव्हा तिचा भडका या दुर्बिणीनेही टिपला. लडाखमधल्या हानलेला सात दुर्बिणींचा ‘हगार’ संच आला. फेब्रुवारी २०१०मधला मार्केरियन ४२१चा भडका त्याने पाहिला.

हानलेलाच सुमारे ४,३०० मीटर उंचीवर भाभा केंद्राची ‘मेस’ दुर्बीण उभी आहे. ४ ऑक्टोबर २०२४ला तिचे उद्घाटन झाले. आरशाचा व्यास २१ मीटर, त्यात ३५६ पॅनेल, कॅमेऱ्यात १,०८८ फोटोमल्टिप्लायर नळ्या आणि एकूण वजन १८० टन. एवढ्या उंचीवर दुर्बीण नेण्यामागे कारण आहे. कणांचा वर्षाव वर हवेत होतो. दुर्बीण त्याच्या जितकी जवळ, तितका प्रकाश दाट मिळतो आणि कमी ऊर्जेचे फोटॉनही सापडतात. त्यामुळे उपग्रह जिथे थकतात आणि जमिनीवरच्या जुन्या दुर्बिणी जिथे सुरू होतात, त्या दोहोंमधली फट बुजते. ययाति तारकासमूहातल्या एनजीसी १२७५ या रेडिओ दीर्घिकेचे भडके ‘मेस’ने पाहिले आहेत.

हानलेचे दुसरे मोल त्याच्या रेखांशात आहे. चेरेनकोव्ह दुर्बिणी अंधारातच चालतात, आणि भडके कुणाच्या रात्रीची वाट पाहत नाहीत. लडाखमध्ये मध्यरात्र असते तेव्हा ॲरिझोनात भर दुपार व्हायला आलेली असते आणि ला पाल्मात सूर्य मावळतीला टेकलेला असतो. मार्च महिन्यात त्याच मध्यरात्री मार्केरियन ४२१ हानलेच्या जवळजवळ डोक्यावरून जाते. तिच्यावर अखंड नजर ठेवायची, तर साखळीतला हा दुवा लागतोच.

आता ला पाल्मा आणि चिलीतल्या पारानाल इथे चेरेनकोव्ह टेलिस्कोप ॲरे हा साठेक दुर्बिणींचा प्रकल्प उभा राहतो आहे. प्रकाश गोळा करायला इतके आरसे असले की भडक्याचे तेज मिनिटाऐवजी सेकंदांच्या टप्प्याने मोजता येईल. २००६मध्ये मोजलेली तीन मिनिटे ही त्या दीर्घिकेची खरी सीमा होती की आपल्या दुर्बिणींची, हे तेव्हा ठरेल. भडके सेकंदांपर्यंत खाली उतरले, तर भडकणारी जागा कृष्णविवरापुढे कस्पटासमान ठरेल आणि अख्खी गाठ पेटते असे मानणारी चित्रे मोडीत निघतील. मिनिटांपाशीच अडले, तर त्या अडण्यामागे कृष्णविवराच्या आकारमानाचा हात आहे का, हे वेगवेगळ्या वस्तुमानांच्या दीर्घिका तुलनेला घेऊन तपासता येईल. दोन्हींपैकी काहीही निघाले तरी झोताच्या मुळाशी काय चालते, याचे उत्तर आजच्याहून नेमके होईल.